प्रोकोपीचा कोरडा तळ

नझार तिखोनोविच कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीपाशी जायचा. आमच्याकडे घरं ओंडक्यांची, आणि दोन ओंडक्यांच्या मध्ये शेवाळ कोंबलेलं. त्या शेवाळात तो बोट घालून बघायचा. बोट आत गेलं, तर घरमालकाकडे असं बघायचा की जणू त्याने चर्चची मेणबत्ती चोरलीय. मगच बाकावर बसायचा आणि चहाचा पेला हातात घ्यायचा, तोही आधी वास घेऊन.

क्रोनश्टाटच्या गोदीत त्याच्याइतका संशयी माणूस मी पाहिला नाही, आणि मी, अर्खिप येगोरोविच, तिथल्या कचेरीत सत्तावीस वर्षं कारकून होतो, म्हणजे संशयी माणसं मी काही थोडीथोडकी पाहिली नाहीत. नझारचा धंदाच तसा. जहाजाच्या फळ्यांमधले सांधे भरायचे. जुन्या दोराचं सूत डांबरात भिजवून, छिन्नी आणि मोगरीने फटीत ठोकून बसवायचं, वरून राळ ओतायची. फळीच्या अलीकडे माणसं, पलीकडे समुद्र. सुताची मोळी आली की तो ती सोडून हुंगायचा, डांबर जिभेला लावायचा. ‘ह्यात माशाचं तेल घातलंय,’ असं तो वर्षातून चारदा म्हणायचा, आणि एकदा ते खरंही निघालं. तेव्हापासून तर त्याला आवरणं कठीण झालं.

पण एका जहाजावर त्याचा जीव होता. प्रोकोपी. चौऱ्याहत्तर तोफांचं, अर्खांगेल्स्कला बांधलेलं. नझारही तिकडचाच, पांढऱ्या समुद्राच्या काठचा. हुकूम घाईचा होता म्हणून लाकूड वाळायची वाट न बघता बांधलं, आणि नॉर्वेला वळसा घालून इकडे येताना पहिल्याच फेरीत दिवसाला नऊ इंच पाणी आत. नझार त्या फेरीत जहाजावर होता. कप्तान चिडला, तर हा म्हणाला, “रडतंय तोवर जिवंत आहे, साहेब.” त्याबद्दल त्याला फटके बसले. पुढे प्रोकोपी दक्षिणेच्या समुद्रात तुर्कांवर गेलं, कुशीत एक गोळा घेऊन परत आलं. पटकीच्या वर्षी दीड महिना किनाऱ्यापासून लांब उभं राहिलं, कुणी खाली उतरायचं नाही, कुणी वर चढायचं नाही. अकरा हिवाळे आमच्या बंदरातल्या बर्फात काढले. दर वसंतात नझार त्याच्या कुशीला फळी टांगून बसलेला असायचा, आणि दर वर्षी पाणी यायचंच, कधी सहा इंच, कधी आठ.

सोळाव्या वर्षी जहाज कोरड्या गोदीत घेतलं आणि तळापासून वरपर्यंत सगळे सांधे नव्याने भरायचं काम निघालं. मुकादम नझार. बारा माणसं हाताखाली. त्या बाराही जणांचा प्रत्येक सांधा त्याने स्वतः मोगरी मारून ऐकला. भरलेला सांधा एक आवाज देतो, पोकळ सांधा दुसरा. मला दोन्ही सारखेच ऐकू यायचे. त्याने दोघांना शिव्या घालून सांधे उकरायला लावले, आणि मागच्या भागाच्या कामाला तर कुणाला हातच लावू दिला नाही, एकट्याने केलं.

त्याचा जावई सावा याच प्रोकोपीवर सुतार होता. नझारची मुलगी उस्तिन्या नवऱ्याबरोबर रेवाल बंदरात राहायची, तीन वर्षांची नात ग्लाशा तिच्याजवळ. जहाजाच्या पोटात पंपापाशी एक उभी पोकळी असते, तिला विहीर म्हणतात. तळाचं सगळं पाणी वाहत वाहत तिथं जमतं. सुताराने रोज त्यात गज सोडायचा, वर काढायचा, किती इंच भिजला ते कप्तानाला सांगायचं. सावाचं काम ते. सासऱ्याने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “विहीर कोरडी दिसली तर समजायचं, कुठंतरी पाणी मुरतंय. लाकूड आहे ते, काच नाही.”

पुढच्या वर्षी जूनमध्ये प्रोकोपी दोन दिवसांसाठी क्रोनश्टाटला आलं. सावा सासरी जेवायला आला. मी शेजारी, त्यामुळे माझं आमंत्रण ठरलेलंच. नझारची बायको फेतिन्या कोबीचं सूप वाढून गाईकडे गेली. टेबलाशी आम्ही तिघं राहिलो.

“बोला जावईबापू,” नझार म्हणाला, “किती पितंय माझं जहाज?”

“काहीच नाही.”

“म्हणजे किती?”

“म्हणजे काहीच नाही, सासरेबुवा. गज कोरडा. महिना झाला, बोटभरसुद्धा नाही. कप्तान म्हणतो, असा सांधे भरणारा त्याने जन्मात पाहिला नाही. तुमचं नाव विचारून घेतलं त्याने.”

मी नझारच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता हा त्या पोराची उलटतपासणी घेणार. गज सरळ सोडला का, खाली टेकला का, कुणी पुसला तर नाही. पण तो कानापर्यंत लाल झाला आणि त्याने पावाचा तुकडा मिठात बुडवला, पुन्हा बुडवला, तिसऱ्यांदा बुडवला.

सावा हसत म्हणाला, “एकच तक्रार आहे. तळातून क्वासचा वास येतो. वसंतात आम्ही रेवालला राय धान्याची पोती नेली ना, त्यातली काही फुटली. आता खाली उतरलं की वाटतं, आपण कुणाच्या तळघरात आलोय. माणसं पेले घेऊन येतात माझ्याकडे.” क्वास म्हणजे आमच्याकडचं राय आंबवून केलेलं पेय, घरोघरी असतं.

“मग तोफा उतरवा आणि तोट्या बसवा,” मी म्हणालो. “तुर्क प्यायला येतील, तिथंच धरा.”

माझ्या विनोदाला मी स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसलो. नझारही हसला. तो हसताना मी फार कमी वेळा पाहिलाय, म्हणून लक्षात आहे. जेवण झाल्यावर त्याने मला दौत आणायला सांगितली. उस्तिन्याला समुद्राची भीती. सप्टेंबरमध्ये जहाजावरच्या माणसांची बायकापोरं रेवालहून क्रोनश्टाटला आणायची होती, पण तिचं म्हणणं होतं की ती बर्फ पडल्यावर गाडीने येईल. नझारने सांगितलं ते मी लिहिलं: ‘जहाज कोरडं आहे. तुझ्या बापाचा हात लागलाय त्याला. निर्धास्त ये, ग्लाशाला लवकर बघायचंय.’ अक्षर चांगलं आलं. सावाने पत्र अंगरख्यात ठेवलं.

सप्टेंबरात, सकाळी दहाच्या सुमारास, गोग्लांड बेटाजवळ वादळाचा एक झपाटा आला. मागून येणाऱ्या जहाजावरच्या लोकांनी पाहिलं. ते म्हणाले, प्रोकोपी एका बाजूला कललं, जसं प्रत्येक जहाज कलतं. पण परत उठलं नाही. तळ दिसला, नवी राळ चकाकताना दिसली, आणि मग समुद्र. आठशेच्या वर माणसं होती, त्यातली अडीचशे बायका आणि पोरं. एक जीव वाचला नाही. एक प्रेतसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही, त्यामुळे पुरायलाही काही नव्हतं.

चाळीस दिवस गाव रडलं. एकेचाळिसाव्या दिवशी गाव विचार करू लागलं, आणि विचार नझारच्या दारात येऊन थांबला. सांधे कुणी भरले होते? बाजारात तो दिसला की बायका त्याच्या हातांकडे बघायच्या. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. त्याच्या हाताखालचे बाराही जण एकेक करून नौदलाच्या चौकशीत सांगून आले की आम्ही पुढच्या भागात होतो, मागचा भाग त्याने एकट्याने केला, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. का बरं येऊ दिलं नाही? ज्या गुणामुळे त्याला मुकादम केलं होतं, त्याच गुणाचा आता पुरावा झाला.

आणि मी काय केलं, तेही सांगून टाकतो. एका शनिवारी वाफेच्या न्हाणीघरात सगळे बसले होते, विषय तोच चालू होता, आणि मी म्हणालो, “मागच्या भागाचं काम चालू असताना पाऊस पडला होता. रोजनाम्यात माझ्या हातची नोंद आहे.” नोंद होती. पाऊस अर्धा तास पडला, नझारने काम थांबवलं, आणि दुसऱ्या दिवशी सांधे कोरडे झाल्यावरच हात लावला, ही नोंदही होती. ती मी सांगितली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला तेव्हा खरंच त्याचा संशय येत होता. येत होता असं म्हणतो, पण यावा असं मला वाटत होतं, हे जास्त खरं आहे. सांधे दोषी ठरले, की पत्र लिहिणारा दोषी ठरत नाही.

नझारला स्वतःचाच संशय नव्हता असं समजू नका. त्या हिवाळ्यात त्याने उरलेल्या सुताच्या मोळ्या घरी आणल्या, उकळल्या, ताणून तोडून पाहिल्या. डांबर पुरवणाऱ्यावर संशय घेतला, कप्तानावर घेतला, तोफांच्या खिडक्या उघड्या ठेवणाऱ्यांवर घेतला. फेतिन्याला एकदा विचारलं, त्या वसंतात माझी मोगरी कुणाला दिली होतीस का? ती बिचारी मुलगी आणि नात गमावून बसलेली. ती नुसतं म्हणाली, “अहो, झोपा आता.” दिवसाढवळ्या म्हणाली. चौकशीचा निकाल लागायचा होता, आणि दोन गोष्टींपैकी एक खरी ठरणार होती: एक तर त्याच्या हाताने त्याची मुलगी बुडवली, नाही तर नाही बुडवली. दुसऱ्या कशाचंही त्याला पडलं नव्हतं.

मी सोडून एकच माणूस त्याच्याकडे यायचं. सावाची आई, मावरा. दर रविवारी चर्चमधून थेट यायची, रुमालात बांधलेलं काहीतरी आणायची, आणि त्याच बाकावर बसायची जिथं तिचा मुलगा बसला होता.

“तुमचे सांधे सुटले नाहीत, व्याहीबुवा,” ती म्हणायची. “माझा सावा रोज बघायचा. सुटले असते तर त्याला कळलं असतं. त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही.”

“नाही सुटायचं, विहीणबाई,” नझार म्हणायचा.

मार्च आला. मोठे उपास चालू होते, मांस नाही, दूध नाही. फेतिन्याने सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच क्वास घातला. आमच्या बायका हे डोळे मिटून करतात: रायचा भरडा, गरम पाणी, मोठा मातीचा रांजण, तळाशी भोक आणि त्याला लाकडी बूच. पाच दिवसांनी तिने बूच काढलं, मडकं खाली धरलं, आणि थेंब पडला नाही. मी तिथंच होतो. खरं म्हणजे मी हल्ली रोजच तिथं असायचो. मन खात असलं की माणूस त्याच घरी जाऊन बसतो.

“गळला वाटतं रांजण,” फेतिन्या म्हणाली. “सगळं गेलं.”

नझारने जमिनीला हात लावला. कोरडी. रांजणावर बोटाच्या पेराने टकटक केलं, खालपासून वर, जसा तो सांधा ऐकायचा तसा. “भरलेला आहे,” तो म्हणाला. “काड घातलं होतंस का भोकाशी?”

फेतिन्याने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं. भरडा टाकायच्या आधी तळाच्या भोकावर गव्हाचं काड पसरायचं, म्हणजे फुगलेलं धान्य भोकात बसत नाही. लहान पोरीलाही ठाऊक असतं. “विसरले मी,” ती म्हणाली. “सहा महिने झाले, हातच विसरले.”

त्याने विणायची सुई घेतली आणि भोकात घातली. सुईला लापशीसारखा करडा गोळा चिकटून आला. त्याने तो हुंगला. मग सुई तशीच हातात धरून तो जमिनीवर बसला. एवढा मोठा माणूस, पाय पसरून, लहान मुलासारखा.

“अर्खिप येगोरोविच,” तो म्हणाला, “जूनमध्ये सावा काय म्हणाला होता? वासाचं?”

मला शब्द न् शब्द आठवत होता. माझा स्वतःचा विनोदही आठवत होता.

“आठवत नाही मला,” मी म्हणालो.

“तो म्हणाला, तळातून क्वासचा वास येतो,” नझार म्हणाला. “जहाजाच्या कण्याला लागून मोऱ्या असतात. पाणी त्यातून विहिरीत येतं. पोतं फुटलं, धान्य मोऱ्यांत गेलं, फुगलं. विहीर कोरडीच राहणार. पाणी मागे साठत गेलं, कुणाला दिसलं नाही. वारा आला, जहाज कललं, सगळं पाणी एका कुशीला धावलं.” त्याने सुई खाली ठेवली. “त्या मोऱ्यांत साखळी ओवलेली असते. दर आठवड्याला पुढेमागे ओढायची, म्हणजे गाळ सुटतो. ती सुताराने ओढायची असते.”

फेतिन्या भिंतीला टेकून उभी होती. सुतार कोण होता, ते कुणी बोललं नाही.

मी सावध झालो. “नझार, हे तर फार चांगलं झालं. तुझ्या नावावरचा डाग धुतला जातो. आत्ता अर्ज लिहू.”

“लिहा. पण घाई कशाची ते ऐका. दुसरं जहाज, झोसिमा, बंदरात उभं आहे. गेल्या वसंतात त्यानेही रायची पोती नेली, मी चढताना बघितली होती. बर्फ फुटला की रेवालला जाणार आणि उरलेली बायकापोरं घेऊन येणार. त्याचा सुतार परवा बाजारात फुशारकी मारत होता, विहीर कोरडी आहे म्हणून.”

मी दौत आणली. इतक्या वर्षांचा कारकुनी हात, अर्ज झरझर लिहिला. मध्ये वाक्य आलं: ‘जहाजाचा सुतार सावा याने मोऱ्यांची साखळी ओढण्यात हयगय केली.’

“ते खोडा,” नझार म्हणाला.

“अरे, तेच तर मुख्य आहे. तेवढंच तुला सोडवतं.”

“त्याने साखळी ओढली की नाही, तुम्ही बघितलंत? मी बघितलं? गंजून तुटलीही असेल. विहीणबाई रविवारी येतात, कारकूनबुवा. त्यांना काय सांगू, तुमच्या मुलाच्या नजरेतून हे सुटलं म्हणून? आपण जे ऐकलं तेवढंच लिहा. वास येतो असं ऐकलं. ऐकून हसलो. वास कसला हे ओळखायला हवं होतं, ओळखलं नाही. कोरडं म्हणाला आणि मला बरं वाटलं. लिहा तसंच, बरं वाटलं म्हणून.”

“असं अर्जात लिहीत नाहीत.”

“लिहा तुम्ही.”

मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकशीच्या कचेरीत गेलो. समोर एक म्हातारा अधिकारी, एक हात लुळा. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि नझारकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो. माझीही हिवाळाभर तीच होती.

“म्हणजे तुला जूनपासून माहीत होतं?”

“ऐकलं होतं जूनपासून, साहेब. कळलं काल.”

“आणि कळायच्या आधी तू स्वतःच्या मुलीला पत्र लिहून त्या जहाजावर बोलावलंस.”

“होय.”

“सुतार हे बोलला, तेव्हा आणखी कोण होतं तिथं? कुणी साक्षीदार?”

मी नझारच्या शेजारी उभा होतो, टोपी हातात धरून, त्याच्या कोपराला माझा कोपर लागत होता. मी तोंड उघडणार होतो असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलंय.

“कुणी नाही,” नझार म्हणाला. “मी एकटाच.”

झोसिमाच्या तळाच्या फळ्या त्याच दिवशी उचलल्या. मोऱ्यांत काळी, आंबलेली लापशी, भट्टीच्या मातीइतकी घट्ट झालेली. त्याच्या मागे गुडघाभर पाणी. विहीर कोरडी. साखळी दोन ठिकाणी गंजून तुटलेली. मे महिन्यात झोसिमा रेवालहून तीनशे बायकापोरं घेऊन आलं, आणि ती सगळी आमच्या धक्क्यावर उतरली, कुणाचा गजर नाही, कुणाचं कौतुक नाही, पोरं रडत होती, गाठोडी हरवली होती.

गावाचा संशय मिटला असं मात्र नाही, त्याने फक्त कूस बदलली. सांधे धड होते हे सगळ्यांनी मानलं. मग ‘त्याला जूनपासून माहीत होतं’ हे सुरू झालं. मुकादमी गेली. नझार साधा मजूर म्हणून आणखी पाच वर्षं मोगरी मारत राहिला, आणि मग धक्क्यावर बसू लागला. कुठलंही जहाज आलं की सुताराला हाक मारायचा, “विहीर कशी आहे?” कुणी ‘कोरडी’ म्हणाला तर विचारायचा, “वास कसला येतो?” तरुण पोरं त्याची नक्कल करायची. पण साखळ्या ओढायची, एवढं मी बघितलंय.

मावरा शेवटपर्यंत दर रविवारी येत राहिली. अर्जात काय लिहिलंय ते तिला कधी कळलं नाही. म्हणजे मला तसं वाटतं. एकदा जाता जाता ती नझारचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभी राहिली होती, त्यावरून काही सांगता येत नाही.

माझ्यापुरतं बोलायचं, तर मी त्याला एकदाच विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस. तो म्हणाला, “तुम्ही कारकून. तुम्हाला मोरी काय ठाऊक. वास ओळखायचं काम माझं होतं.” आणि चहा प्यायला. वास न घेता.

तो माझ्या घरी पूर्वीसारखाच येत राहिला. बाकीच्यांच्या घरी गेला, की अजूनही आधी भिंतीपाशी जायचा आणि शेवाळात बोट घालायचा. माझ्या घरी मात्र त्याने ते सोडलं. दारातून सरळ आत यायचा आणि बाकावर बसायचा. पाहुणे मला म्हणायचे, बघा, तुमच्यावर किती विश्वास आहे त्याचा. मी त्यांचे पेले भरायचो. माझ्या भिंतीत कुठं पोकळ आहे, ते त्याला आता बोट घालून बघायची गरज उरली नव्हती.